गाडी ओढत नाही? आधी तिचा श्वास बघा

 

आज पापड-कुरडयांबद्दल बोलायचं नाही आणि कर्जाच्या हप्त्यांबद्दलही नाही. आज गाडीबद्दल बोलायचंय. बायकांच्या कार्यक्रमात इंजिन कशाला, असं कुणाला वाटेल. पण गेल्या काही वर्षांत आपल्या गटांच्या दारात गाड्या उभ्या राहिल्या आहेत. कुणाचा छोटा टेम्पो आहे, कुणाची पिकअप आहे, कुणी जुनी जीप नाहीतर व्हॅन घेतली आहे. भोर-वेल्ह्याचा तांदूळ, पुरंदरचे अंजीर आणि सीताफळं, मुळशीची भाजी, घरची पिठं, मसाले हे सगळं गुलटेकडीच्या मार्केट यार्डात, शहरातल्या सोसायट्यांच्या आवारात, भीमथडी जत्रेच्या स्टॉलवर पोचतं ते याच गाड्यांतून. गाडी एक दिवस उभी राहिली तर माल पडून राहतो. हप्ता मात्र थांबत नाही.

आम्ही पुणे शहरात बचतगटांच्या समन्वयाचं काम करतो. बैठकांमध्ये गाडीच्या ज्या तक्रारी येतात, त्यातली एक वारंवार येते. गाडी चालू होते, आवाजही ठीक असतो, पण ओढत नाही. सपाट रस्त्यावर कशीबशी चालते. चढ आला किंवा पुढच्या ट्रकला ओलांडायचं म्हटलं की पायाखाली एक्सलेटर दाबत राहावं लागतं आणि गाडी आपली गाईसारखी रमतगमत. कुणी म्हणतं पिकअप गेला, कुणी म्हणतं दम लागतो. गॅरेजवर नेली की मोठमोठी नावं कानावर पडतात. टर्बो गेला, पंप गेला, इंजिन खोलावं लागेल. आकडा ऐकूनच गटाच्या खजिनदार ताईंचा घसा कोरडा पडतो.

टर्बो किंवा पंप खरंच गेलेला असू शकतो. पण कितीतरी वेळा दुखणं एवढं मोठं नसतं. हवेच्या नळीवर बसवलेला बोटभर लांबीचा एक सेन्सर चुकीचा आकडा सांगत असतो, आणि तेवढ्यानं सगळी गाडी मंदावते. त्याला एअर फ्लो सेन्सर म्हणतात. गॅरेजमध्ये कुणी एअर मास म्हणतं, कुणी मॅफ म्हणतं. तो काय करतो, बिघडला हे कसं ओळखायचं आणि पैसे खर्च करण्याआधी काय काय बघून घ्यायचं, हे आज समजून घेऊ.

आधी इंजिनाचा श्वास समजून घेऊ. चूल आपल्याला माहीत आहे. लाकूड कितीही चांगलं असलं तरी हवा मिळाली नाही तर नुसता धूर होतो. फुंकणीनं हवा दिली की जाळ धरतो. इंजिनाचंही तसंच आहे. नुसतं इंधन जळत नाही, त्याला हवा लागते. आणि ती किती लागते ते ऐका. १ किलो पेट्रोल नीट जाळायला साधारण १४.७ किलो हवा लागते. म्हणजे १ लिटर पेट्रोलमागे नऊ हजार लिटरांहून जास्त हवा. आपल्याकडचं निळं प्लॅस्टिकचं पिंप २०० लिटरचं धरलं, तर अशी ४५ पिंपं हवा एका लिटर पेट्रोलला पुरवावी लागते. डिझेलच्या गाडीत तर गरजेपेक्षाही जास्त हवा आत घेतली जाते. अडीच लिटरचं इंजिन मिनिटाला दोन हजार फेरे फिरत असेल, तर टर्बो सोडून दिला तरी ते मिनिटाला सुमारे अडीच हजार लिटर हवा ओढतं.

जुन्या गाड्यांत हवा आणि पेट्रोल मिसळायचं काम कार्बोरेटर करायचा. भाकरीच्या पिठात अंदाजानं पाणी घालावं तसा त्याचा कारभार होता. आताच्या गाड्यांत हे काम एक छोटा कॉम्प्युटर करतो. त्याला ईसीयू म्हणतात. पण कॉम्प्युटरला डोळे नाहीत. किती हवा आत आली हे त्याला कुणीतरी सांगावं लागतं. तेच काम आपल्या या सेन्सरचं. तो सांगतो, आत्ता इतके ग्रॅम हवा आली. कॉम्प्युटर हिशोब करतो आणि तेवढ्याच हवेला पुरेल इतकं इंधन सोडतो.

ग्रॅम कशाला, लिटर का नाही? कारण सगळीकडे हवा सारखी दाट नसते. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंच आहे. महाबळेश्वर त्याच्या दुपटीहून उंच. जितकं उंच जाल तितकी हवा पातळ होते. उन्हाळ्यातली तापलेली हवाही पातळ असते. एक पिंपभर हवा पुण्यात जितकी भरते तितकी महाबळेश्वरला भरत नाही. म्हणून माप वजनाचं लागतं.

आता हा सेन्सर हवेचं वजन करतो कसं? त्याच्या आत केसासारखी बारीक तार असते, किंवा पातळ पापुद्र्यासारखी पट्टी असते. वीज देऊन ती तापवलेली असते. बशीतल्या चहावर फुंकर मारली की चहा निवतो, तशी आत जाणारी हवा या तारेला निववते. तार ठरलेल्या मापाइतकी तापलेली ठेवायची तर तिला जास्त वीज द्यावी लागते. जितकी जास्त हवा, तितकी जास्त वीज. किती वीज लागली यावरून किती हवा गेली, हे कळतं.

या तारेवर धूळ बसली, तेलाचा चिकट थर बसला, तर ती जणू गोधडी पांघरून बसते. हवा वाहते, पण तारेला पुरेशी गार लागत नाही. मग ती खरी हवा असते त्यापेक्षा कमी सांगते. कॉम्प्युटर बिचारा तिच्या शब्दावर विसंबून. त्याला वाटतं, हवाच कमी आहे, मग इंधन जास्त सोडून काय करू? तो इंधन कमी देतो. आपण एक्सलेटर तळाला नेला तरी इंजिनाला अर्धपोटीच राबावं लागतं. म्हणून गाडी ओढत नाही.

तार खराब होण्याची कारणं आपल्याच रस्त्यांवर आहेत. रस्त्याच्या कामांची धूळ, भाताच्या गिरणीजवळचा कोंडा, वीटभट्टीजवळची राख. एअर फिल्टर नीट असेल तर हे सगळं तिथंच अडतं. पण फिल्टर फाटका असला, नीट बसवलेला नसला, हलक्या प्रतीचा असला किंवा त्याला तेल लावलेलं असलं, तर घाण थेट तारेवर जाते. कॉम्प्रेसरची जोरदार हवा मारून मारून फिल्टरचा कागद विरतो, तेही ध्यानात ठेवा.

आता आमच्याकडची एक हकिकत सांगतो. शहराच्या दक्षिणेकडच्या गावांतल्या काही गटांनी मिळून डिझेलची पिकअप घेतली होती, सेकंडहँड. आठवड्यातून तीनदा माल घेऊन ती पुण्यात यायची. चालवायला गटातलीच एक ताई. रीतसर लायसन्स काढलेली, हात स्वच्छ. पावसाळा संपल्यावर तिनं सांगायला सुरुवात केली की शिंदेवाडीकडून कात्रजच्या नव्या बोगद्याकडे चढताना गाडी तिसऱ्या गिअरमध्येही मरगळते. आधी हाच चढ एवढाच माल घेऊन चौथ्यावर निघायचा. हळूहळू मागच्या ट्रकचे हॉर्न वाजायला लागले. ताईनं ते सगळं आपल्या वहीत तारखेसह लिहून ठेवलं. किती क्रेट होते, कुठला गिअर, धूर होता की नव्हता.

गावात मात्र वेगळंच बोललं गेलं. बाईच्या हातात गाडी दिली की अशीच व्हायची. क्लच दाबून ठेवत असेल. कुणी तर सुचवलं, तिला काढा आणि आमच्या पोराला ठेवा. गाडी नेली ती एका गॅरेजवर. त्यांनी चक्कर मारून सांगितलं, टर्बो गेलाय, खर्च चाळीस हजारांच्या वर जाईल. गटांच्या शिलकीत तेवढे पैसे नव्हते. कर्ज काढावं लागलं असतं आणि ताईच्या कामावरही गदा आली असती. एका छोट्या बिघाडावर दोन गोष्टी टांगलेल्या होत्या.

बैठकीत ठरलं की टर्बो काढण्याआधी गाडी स्कॅनर लावून बघून घ्यायची, आणि तीही दुसऱ्या मिस्त्रींकडे. हे मिस्त्री वयस्क होते, कमी बोलणारे. त्यांनी आधी ताईची वही वाचली. मग विचारलं, ‘चढाला काळा धूर येतो का?’ ताई म्हणाली, नाही. ‘रेस वाढते आणि गाडी वाढत नाही, असं होतं का?’ नाही, रेससुद्धा हळूच वाढते. ते म्हणाले, मग आधी हवेकडे बघू.

या दोन प्रश्नांत काय दडलंय ते समजून घ्या, कारण हेच प्रश्न तुम्हालाही विचारता येतील.

रेस वाढते, इंजिन ओरडतं, पण गाडीचा वेग वाढत नाही, असं असेल तर इंजिनाची ताकद चाकापर्यंत पोचत नाही. तिथं क्लचवर संशय घ्यायचा. गाडी थांबवल्यावर एखादं चाक बाकीच्यांपेक्षा जास्त तापलेलं जाणवलं, तर ब्रेक चिकटतोय. हात चाकाजवळ नेऊन धग बघा, रिमला हात लावू नका, भाजेल. टायरमध्ये हवा कमी असली तरीही गाडी जड जाते. ही तीन कारणं इंजिनाबाहेरची. ती आधी बाजूला करायची.

काळ्या धुराचं गणित अजून मजेचं आहे. सेन्सर हवा कमी सांगत असेल, तर डिझेलही कमी सुटतं. त्यामुळे गाडी मरगळते, पण काळा धूर सहसा दिसत नाही. याउलट टर्बोच्या पुढचा रबरी पाइप फाटला असेल तर काय होतं? सेन्सरनं हवा मोजली, कॉम्प्युटरनं त्या हिशोबानं डिझेल सोडलं, आणि हवा मात्र वाटेतच फाटक्या पाइपातून पळाली. डिझेल जास्त, हवा कमी. चुलीत लाकडं कोंबल्यासारखं होतं आणि मागून काळा धूर निघतो. बरोबर सूं-सूं असा हवा सुटल्याचा आवाजही येतो. गाडी दोन्हीकडे ओढत नाही. पण एकीकडे सेन्सर, दुसरीकडे पाइप. धूर बघायला पैसे लागत नाहीत.

मिस्त्रींनी पुढं काय केलं, ते एका ओळीत मांडते, म्हणजे तुम्हालाही त्याच क्रमानं जाता येईल. क्रम असा की फुकटचं आधी, स्वस्त मग, महाग शेवटी.

पहिलं, एअर फिल्टरचा डबा उघडला. फिल्टर काळा पडलाय का, फाटलाय का, नीट बसलाय का हे पाहिलं. डब्यात कधी उंदरानं आणलेला कापूस आणि गवतही सापडतं. पावसाळ्यात उंदीर ऊब शोधत इंजिनात शिरतात, हे गावाकडे काही नवीन नाही.

दुसरं, फिल्टरपासून इंजिनापर्यंतची नळी हातानं चाचपली. कुठं चीर आहे का, क्लिप सैल आहे का. पेट्रोल गाडीत सेन्सरच्या पुढच्या नळीला भोक असेल, तर तिथून न मोजलेली हवा आत शिरते आणि हिशोब बिघडतो.

तिसरं, सेन्सरची वायर आणि तिचा प्लग पाहिला. प्लग सैल आहे का, पिना हिरव्या पडल्यात का, वायर कुरतडलेली आहे का. कितीतरी गाड्या एवढ्यावरच बऱ्या होतात.

चौथं, स्कॅनर लावला. स्टिअरिंगच्या खाली एक सोळा छिद्रांचं सॉकेट असतं, त्याला ओबीडी म्हणतात. १ एप्रिल २०१७ पासून देशभर बीएस-४ च्या नव्या गाड्या आल्या आणि १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ च्या. या गाड्यांत ते असतंच, आधीच्याही पुष्कळ गाड्यांत सापडतं. स्कॅनर कॉम्प्युटरला विचारतो, तुला काही तक्रार आहे का? एअर फ्लो सेन्सरबद्दल तक्रार असेल, तर पी ०१०० ते पी ०१०३ असे कोड दिसतात. पी ०१०१ म्हणजे सेन्सरचा आकडा अपेक्षेशी जुळत नाही. पी ०१०२ म्हणजे त्याच्याकडून येणारा सिग्नल फार कमी आहे, तार तुटली असेल किंवा प्लग निघाला असेल.

इथं एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. कोड म्हणजे निकाल नव्हे. ती फक्त तक्रार आहे. बैठकीत एखादीनं तक्रार केली की आपण लगेच कुणाला दंड करत नाही, दोन्ही बाजू ऐकतो. तसंच इथं. पी ०१०१ दिसला म्हणून सेन्सरच खराब, असं होत नाही. फिल्टर गच्च बसला असेल तर हवा खरोखरच कमी येते आणि सेन्सर खरं तेच सांगत असतो. धूर फिरवणारा ईजीआर व्हॉल्व्ह उघडा अडकला असेल, तरी ताजी हवा कमी होते. म्हणजे सेन्सर खोटं बोलतोय की खरं, हा खरा प्रश्न आहे. म्हणूनच फिल्टर, नळी आणि प्लग आधी बघायचे.

आणि दुसरी बाजूही तितकीच खरी. आमच्या त्या गाडीत इंजिनचा दिवा लागलेला नव्हता, कोडही नव्हता. सेन्सर पूर्ण मेला नव्हता, नुसता सुस्तावला होता. असा सेन्सर कॉम्प्युटरच्या लक्षातही येत नाही. म्हणून मिस्त्रींनी पाचवी गोष्ट केली. स्कॅनरवर चालू आकडे लावले, त्याला लाइव्ह डेटा म्हणतात. तिथं हवा सेकंदाला किती ग्रॅम येतेय ते दिसतं. गाडी उभी असताना एक आकडा. रेस वाढवली की तो भराभर चढायला हवा, सोडली की उतरायला हवा. ताई गाडी चालवत होती, मिस्त्री शेजारी बसून आकडे बघत होते. चढावर एक्सलेटर पूर्ण दाबला तरी आकडा थोडा चढून तिथंच बसून राहिला. नेमका किती हवा, हे प्रत्येक गाडीचं वेगळं असतं आणि ते कंपनीच्या पुस्तकातून बघायचं असतं. मिस्त्रींकडे तो आकडा होता. आपला त्याच्या जवळपासही नव्हता.

सहावं, त्यांनी गाडी बंद करून सेन्सरचा प्लग काढला आणि पुन्हा चक्कर मारली. प्लग काढला की पुष्कळ गाड्यांत कॉम्प्युटर सेन्सरची वाट न बघता ठरीव आकड्यांवर गाडी चालवतो. प्लग काढल्यावर गाडी जास्त बरी ओढायला लागली, तर संशय सेन्सरवर बळावतो. पण डिझेल गाडीत असं केल्यावर ईजीआरही बंद पडू शकतो, त्यामुळे गाडी सुधारली ती कशामुळे, हे अजून तपासावं लागतं. म्हणून मिस्त्रींनी ईजीआरही बघून घेतला. हा प्रयोग तपासणीपुरताच. प्लग काढून रोज गाडी चालवायची नाही, धूर वाढतो आणि पीयूसीला अडचण येते.

सातवं, सेन्सर काढून साफ केला. हे काम फार नाजूक आहे. त्यासाठी खास एअर फ्लो सेन्सर क्लीनरचा स्प्रे मिळतो, तोच वापरायचा. पेट्रोल, रॉकेल, कार्बोरेटरचा स्प्रे चालत नाही. कापूस, ब्रश, पदराचं टोक काही लावायचं नाही. कॉम्प्रेसरची हवा मारायची नाही. तारेला बोट लागलं तरी ती तुटू शकते. स्प्रे मारायचा, पूर्ण सुकू द्यायचं, मग बसवायचा. कंपनीच्या पुस्तकात साफ करू नका असं लिहिलं असेल, तर ऐकायचं.

साफ केल्यावर गाडी दोन-तीन आठवडे बरी चालली. पुन्हा मंदावली. तेव्हा आठवं पाऊल, सेन्सर बदलला. तो आणि मजुरी मिळून सात हजारांच्या आत काम झालं. त्याच चढावर, तेवढेच क्रेट घेऊन, गाडी चौथ्या गिअरवर निघाली. ताईनं वहीत तेही लिहिलं. टर्बोला हात लावावा लागला नाही. आणि पुढच्या बैठकीत तिला काढण्याचा विषय कुणी काढला नाही. तिच्या वहीची पानं मात्र सगळ्यांनी हातात घेऊन पाहिली.

पहिल्या गॅरेजवाल्यांना वाईट म्हणायचा आमचा हेतू नाही. गाडी ओढत नाही म्हटल्यावर टर्बोचा संशय येतो, तो येण्यासारखाच आहे. मुद्दा एवढाच की संशय आणि खात्री यांच्यामध्ये तपासणी असते, आणि तपासणीला महागड्या भागापेक्षा खूप कमी पैसे लागतात. कुठल्याही गॅरेजवर गेलात तर चार गोष्टी मागा. स्कॅनरवर काय दिसलं ते लिहून किंवा फोटो काढून द्या. हा भाग खराब आहे हे कशावरून ठरवलं ते सांगा. जुना भाग आम्हाला परत द्या. पक्कं बिल द्या. चांगला मिस्त्री यावर रागावत नाही.

सेन्सर विकत घेतानाही सावध राहा. पुण्यात नाना पेठेत सुट्या भागांची दुकानं ओळीनं आहेत. तिथं एकाच गाडीचा सेन्सर वेगवेगळ्या दरांत मिळतो. फार स्वस्त मिळाला म्हणून घेऊ नका, नकली सेन्सरचा आकडा नवा असतानाच चुकतो. जुन्या सेन्सरवरचा नंबर टिपून न्या आणि तोच नंबर मागा. दुकानदाराला गाडीचं मॉडेल, साल आणि इंजिनही सांगा. वॉरंटी असेल तर बिलावर लिहून घ्या.

आणखी एक. सगळ्या गाड्यांत हा सेन्सर नसतो. कित्येक छोट्या पेट्रोल गाड्यांत हवेचं वजन मोजण्याऐवजी हवेचा दाब मोजणारा सेन्सर असतो, त्याला मॅप सेन्सर म्हणतात. तेव्हा गॅरेजवर जाऊन ‘आमचा एअर फ्लो सेन्सर बदला’ असं सांगू नका. ‘गाडी चढाला ओढत नाही, आधी हवेची बाजू तपासा’ असं सांगा. आपण लक्षण सांगायचं, निदान तपासणीनं ठरू द्यायचं. डॉक्टरकडेही आपण तसंच करतो ना?

आणि मरगळलेली गाडी तशीच दामटू नका. ओलांडायला निघालात आणि मध्येच दम संपला, तर समोरून येणारी गाडी थांबत नाही. दुरुस्ती होईपर्यंत माल कमी भरा, घाटात कुणाला ओलांडू नका, चढाला डाव्या बाजूनं चला. एका खेपेचे दोन फेरे झाले तर होऊ द्या.

कुणी म्हणेल, हे सगळं बायकांनी कशाला शिकायचं? पुण्यापुरतं बोलायचं तर हा प्रश्न फार जुना आहे आणि त्याचं उत्तरही इथंच मिळालं आहे. १९७४ साली टेल्को कंपनीच्या नोकरीच्या जाहिरातीत स्त्रियांनी अर्ज करू नये असं छापलं होतं. सुधा कुलकर्णी नावाच्या एका विद्यार्थिनीनं थेट जे. आर. डी. टाटांना पोस्टकार्ड लिहून जाब विचारला. त्यांना मुलाखतीला पुण्याला बोलावलं आणि त्या टेल्कोत इंजिनिअर म्हणून रुजू झाल्या. पुढं त्या सुधा मूर्ती म्हणून सगळ्यांना माहीत झाल्या. आज पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांत बायका गाड्या जोडतात. कोथरूडच्या टेकडीला लोक एआरएआय टेकडी म्हणतात, ते १९६६ साली सुरू झालेल्या, वाहनांची चाचणी करणाऱ्या संस्थेमुळे. ज्या शहरात गाड्या घडतात आणि पारखल्या जातात, त्या शहरात माल आणणाऱ्या बाईला आपल्या गाडीचा श्वास कळू नये, असं काही नाही. गटातल्या मुलींना आवड असेल तर आयटीआयच्या मोटर मेकॅनिकच्या कोर्सची चौकशी जरूर करा. सेन्सर आणि स्कॅनरच्या कामाला ताकद कमी आणि डोकं जास्त लागतं.

आता या महिन्याच्या बैठकीत करायची कामं सांगतो. लिहून घ्या.

गाडीत एक वही ठेवा. तारीख, किलोमीटर, भरलेलं डिझेल किंवा पेट्रोल, माल किती, गाडीचं वागणं कसं, हे चालवणारीनं लिहायचं. इंधन अचानक जास्त लागू लागलं तर ते वहीतच आधी दिसतं. एअर फिल्टर कधी बदलला आणि पुढं कधी बदलायचा, ते गाडीच्या पुस्तकात बघून वहीच्या पहिल्या पानावर लिहा. धुळीच्या रस्त्यावर चालणाऱ्या गाडीचा फिल्टर त्याच्याही आधी तपासावा लागतो. तीन-चार गटांनी मिळून ब्लूटूथवर चालणारा छोटा स्कॅनर घेतला, तर तो मोबाइलला जोडता येतो. साधा स्कॅनर हजार रुपयांच्या आसपास मिळतो. त्यानं दुरुस्ती होत नाही, पण गॅरेजवर जाण्याआधी कोड काय आहे ते आपल्याला कळतं. आणि दुरुस्तीसाठी दर महिन्याला थोडी रक्कम वेगळी काढा, कर्जाच्या हप्त्यासारखीच.

मोठ्या दुरुस्तीचा ठराव करण्याआधी बैठकीत तीन प्रश्न विचारायचे, असं आमच्या गटांनी ठरवून टाकलंय. फुकटात बघण्यासारखं सगळं बघून झालं का? आकडे कागदावर आहेत का? आणि चालवणाऱ्या ताईचं म्हणणं कुणी पूर्ण ऐकलं का? तिसरा प्रश्न वगळायचा नाही. गाडी रोज जिच्या हातात असते, तिलाच दुखणं सगळ्यांत आधी कळलेलं असतं.

तुमच्या गटाच्या गाडीच्या तक्रारी आम्हाला जरूर कळवा. कुठल्या रस्त्यावर, किती मालावर, धूर होता की नव्हता, एवढं लिहा. पुढच्या वेळी ब्रेक आणि टायरबद्दल बोलू.